पंधरा दिवसांचा राग

टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते, आणि टेबलावरचा अक्षताचा कॉम्प्युटर जागेवर नव्हता.

"कोण आहे?" खांद्यावरची पर्स न उतरवताच तिनं विचारलं.

"मी. जरा ती वायर धरता?"

तिनं धरली नाही. पाय मागं सरकले, मग धुळीनं माखलेला शर्ट आला आणि शेवटी एक हसरा चेहरा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत अक्षताला चार वर्षं झाली होती, पण तिच्या टेबलाखाली शिरायची हिंमत अजून उंदरानंही केली नव्हती.

"मी प्रसेनजीत, कबनूरचा. साहेबांनी सगळं ऑफिस बदलायला सांगितलंय. कॉम्प्युटर, फोन, सगळं एकाच कंपनीचं. महिनाभर आहे मी इथं."

"माझं मशीन कुठाय?"

"स्टोअरला."

"त्यात लिनक्स होतं."

"बघितलं की. छान ठेवलं होतं."

हे शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, पण रागानं ते आत येऊ दिलं नाही.

गडमुडशिंगीच्या घरी जुने भाग जोडून तिनं कॉम्प्युटर उभा केला होता, आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ती लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली शिकली होती. फुकट मिळतं म्हणून नव्हे. उघडून बघता येतं, मोडता येतं, पुन्हा जोडता येतं... म्हणून. त्याच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत तिनं फौंड्रीसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. एखाद्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, चीर सापडली, तर ते कुठल्या दिवशीच्या, भट्टीच्या कुठल्या खेपेतलं, हे तो एका ओळीत सांगायचा. त्याआधी भट्टीवरचे केरबामामा त्यासाठी दहा रजिस्टरं उपसत बसायचे.

आणि आता समोर हे पांढरं, सडपातळ, पाठीवर उष्टं सफरचंद मिरवणारं मशीन. मालक विजयसिंहसाहेबांनी त्याच सकाळी केबिनमध्ये बोलावून एका दमात सांगून टाकलं होतं, "पंधरा दिवसांत तुझा प्रोग्रॅम ह्याच्यावर चालला तर ठेवू. न्हाईतर पुण्यासनं तयार आणतो." म्हणजे चार वर्षांचं काम कचऱ्यात.

"मी दाखवू का, ह्यात—" प्रसेनजीतनं तोंड उघडलं.

"एक अक्षर सांगायचं नाही. माझं मी बघते."

"बरं," तो म्हणाला, आणि खरंच गप्प बसला.

मग रोजचीच लढाई सुरू झाली. माऊसला बटण सापडेना. नेहमीच्या जागी दाबावं तर भलतंच उघडायचं. अकराच्या सुमाराला तिचा संयम संपायचा आणि ती थेट त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची.

"ह्या फोनची बॅटरी कुठनं काढायची?"

"काढायची नसते."

"मग फोन माझा का त्यांचा?"

"वापरायला तुमचा."

"असला उसना संसार मला नको."

तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहायचा... जणू कुणी गाणं म्हणतंय. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड वास यायचा. चौथ्या दिवसापासून त्याच्या टेबलाशेजारी एक स्टूल दिसू लागलं, रोज पुसून ठेवलेलं. ती बसायची नाही. आठव्या दिवशी बसली, पण तेही भांडण लांबलं म्हणून.

केरबामामांनी ओळखलंच. "अगं, भांडायला जातीस का भेटाय? वेणी तेवढी झ्याक घालून जातीस."

"मामा, तुमचं काम बघा."

"बघतोय की. हेच बघतोय."

दहाव्या दिवशी प्रसेनजीत आला नाही. अक्षतानं मशीनला दोन-चार शब्द सुनावले, पण त्यात काही जीव नव्हता. स्टुलावर धूळ बसली होती. तिनं ती ओढणीनं पुसली, आणि मग स्वतःवरच चिडली.

प्रोग्रॅम मात्र जागचा हलत नव्हता. पंधरावा दिवस उजाडला, तो माघ पौर्णिमेचा. दर पौर्णिमेसारखं तिनं पहाटे विहारात आईबरोबर अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेतलं. पांढरी साडी, बाराच्या आत एकदाच जेवण, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खोटं बोलायचं नाही, कठोर बोलायचं नाही.

प्रसेनजीतनं साडी पाहिली. "आज अष्टशील?"

"हो."

"माझी आईपण घेते. तुम्ही घेता, हे मामा बोलले होते; आज कठोर बोलता येत नाही, म्हणूनच आजची वाट बघत होतो." तो तिच्या मशीनपुढं वाकला. एका कप्प्यातला कप्पा उघडला, त्यातलं एक चित्र दाबलं.

पडद्यावर काळी खिडकी उघडली. कोपऱ्यात एक पांढरा ठिपका लुकलुकत होता.

अक्षता पुढं झुकली. बोटांनी आपोआप जुनी दोन अक्षरं टाइप केली, आणि फायलींची यादी सरसर खाली उतरली. तिची भाषा... ह्या मशीनला कळत होती!

"ह्याच्या पोटात तुमच्या लिनक्सचंच भावकीतलं काहीतरी आहे," तो हळूच म्हणाला. "थोड्या ओळी बदला. चालेल."

तिनं बदलल्या. अकरा वाजता केरबामामांनी चीर गेलेल्या कास्टिंगचा नंबर आणून दिला, आणि एका ओळीत उत्तर आलं. मामा खूश होऊन साहेबांना सांगायला धावले.

अक्षता मात्र वळली. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"...पहिल्या दिवसापासून."

 पंधरा दिवस. तोंडात आलेला एकेक शब्द तिनं औषधासारखा गिळला.

"माझं चार वर्षांचं काम जाणार होतं."

"जाऊ दिलं नसतं. कालच साहेबांना शब्द दिला होता, हा प्रोग्रॅम चालणार म्हणून."

"म्हणजे साहेबांना माहीत, आणि मला नाही."

"आधी गप्प बसलो ते तुम्ही बजावलं होतं म्हणून. नंतर..." तो अडखळला. "सांगितलं असतं, तर तुम्ही भांडायला यायचं बंद केलं असतं. चुकलं माझं. फार चुकलं."

तिनं मामांच्या नंबराच्या चिठ्ठीची बारीक घडी घातली.

"रागावलाय?"

"हो."

"खूप?"

"खूप."

"म्हणजे... आता माझं तोंडही बघणार नाही?"

नाही बघणार. शब्द जिभेच्या टोकावर तयार होते. तिनं ओठ उघडले—आणि मिटले.

"दुसरं काहीतरी विचारा."

"का?"

"आज खोटं बोलता येत नाही."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो बघतच राहिला. तिनं पदर सावरला, आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "हसू नका. उद्या सकाळी मोकळी होते मी. गडमुडशिंगीच्या स्टॉपवर यायचं आणि सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायचं."

"किती वेळ लागेल?"

"पंधरा दिवसांचं साचलंय. बराच."

"मग दोघांचा डबा आणतो."

 नको म्हटलं असतं, तर तेही खोटंच झालं असतं.