काकांच्या आवाजाचा ठसा

आमच्या ध्वनिसंग्रहालयात माझं नाव 'जुळलंबाई' पडलं आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढा दरारा आहे.

नाव पडलं ते सवयीमुळे. रोज सकाळी तळघरातल्या खोलीत माझा पायथॉनमधला प्रोग्राम एकेक ध्वनिमुद्रण उघडतो, त्या फाईलचे छोटे घास करून हॅश फंक्शनला भरवतो, आणि शेवटी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ बाहेर येते. तो त्या फाईलचा ठसा. फाईल दाखल झाली त्या दिवशीचा ठसा आणि आजचा ठसा एकच निघाला, की मी मोठ्याने म्हणते, "जुळलं."

फाईलमधला एक कण हलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पिठाचा पुन्हा दाणा करता येत नाही, तशी ठशावरून फाईल घडवता येत नाही. एकदा साहेबांनी परीक्षा म्हणून एका भाषणातला खोकला गुपचूप कापला. सकाळी प्रोग्रामने तो पकडला आणि मग खोकला साहेबांनाच आला. तेव्हापासून माझ्या शब्दावर कोणी शंका घेत नाही. घ्यावी असं कारणही मी दिलेलं नाही.

शंका घेतली ती माझ्या सख्ख्या मावशीने.

तिचे यजमान, आमचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. त्या कामाबद्दल ते बोलले, ते मुद्रण आमच्याकडे आहे. काका गेले तेव्हा मी शाळेत होते. मावशी अधूनमधून येऊन ते ऐकते. मध्यंतरी म्हणाली, "अगं, आज ते शेवटी खोकले. आधी खोकत नव्हते."

मी ठसा काढला. जुळलं.

पुढच्या खेपेला म्हणाली, "खिडकी लावलीस का, विचारत होते."

जुळलं.

मावशीने हे घरी सांगितलं आणि तिथेच चुकली. दादा, म्हणजे तिचा मुलगा, फार व्यवहारी माणूस. आईची काळजी करतो, पण दुरून. तो बातमी ऐकून आला तोच वृद्धाश्रमाची खोली ठरवून, आणि मावशीला घेऊन थेट माझ्याकडे.

"तू सांगशील ते मान्य," दादा म्हणाला. "मुद्रण बदललं असेल तर आई घरीच राहील. बदललं नसेल तर... तूच समज."

"मी कुठे जाणार नाही," मावशी पर्स छातीशी धरून बसली होती.

मी तयारीनिशी होते. सर्व्हरवरची फाईल, कपाटातल्या कुलूपबंद डिस्कवरची प्रत, दोन वेगळी हॅश फंक्शन्स. सगळं जुळलं होतं. इतकं चोख काम मी क्वचितच केलं असेल.

"मावशी, फाईलला कोणी बोटही लावलेलं नाही."

दादाने सुस्कारा सोडला. मावशी माझ्याकडे पाहत राहिली.

"शहाणे, तू ऐकलंस का ते?"

आम्ही फाईली तपासतो, ऐकत नाही. सराफ दागिना तोलतो, घालून बघत नाही.

"लाव बरं," दादा म्हणाला. "मुद्रण झालं तेव्हा मी समोरच होतो. बाबा खुर्ची सरकवून उठले, तिथे संपतं."

लावलं. खोलीच्या भिंतींना जाड गालिचे आहेत, बाहेरचा आवाज आत येत नाही. काका केसाएवढ्या स्प्रिंगबद्दल बोलत होते, मिश्कील, सावकाश. मग खुर्ची सरकली. पडद्यावरचा काटा शेवटाला जाऊन थांबला.

"संपलं," दादा म्हणाला.

काटा थांबलेलाच होता. स्पीकरमधून कोणीतरी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"पोराबरोबर जाऊ नकोस हं," काका म्हणाले. "घरातलं घड्याळ बंद पडेल."

मावशीने मान डोलावली, रोजचं बोलणं ऐकावं तशी.

दादाचा चेहरा उतरला. "हे... हे कोणी घातलं यात?"

कोणी घातलं? माझ्या फाईलमध्ये? मला रागच आला. मी कीबोर्ड ओढला आणि त्याच्यादेखत प्रोग्राम पुन्हा चालवला. ओळ उमटली. खाली फाईल दाखल झाली त्या दिवसाची ओळ. अक्षरान् अक्षर तेच.

मी बोलायला तोंड उघडलं.

"जुळलं," स्पीकरमधून आवाज आला.

काकांचा नव्हे. माझा. शेवटी किंचित वर जाणारा, अभिमानाचा, अगदी माझाच.

माझे ओठ अजून उघडेच होते.

मावशी उठली, पदर सारखा केला. "चल रे, घरी सोड मला. घड्याळाला चावी द्यायचीय."

दादाने दार उघडलं. वृद्धाश्रमाचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

माझा प्रोग्राम आजवर चुकलेला नाही, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. रोज सकाळी तो सगळ्या फाईली तपासतो आणि प्रत्येकीला मी माझा शब्द म्हणते. फक्त काकांच्या फाईलला म्हणत नाही.

तळघरातले स्पीकर मी काढून टाकलेत. तरी मला म्हणावं लागत नाही.