रोबोटच्या गुडघ्याचे फोड

"मावशी, लवकर ये! रोबोटच्या गुडघ्याला पुन्हा फोड आलेत!"

बोका ओरडतच दालनाबाहेर आला. मावशीच्या हातातला रंगाचा डबा पडता पडता राहिला. तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनासाठी 'चाक ते रोबोट' अशी भलीमोठी भिंत ती रंगवत होती. सुट्टी लागल्यापासून तिची दोन्ही भाचरं तिच्या दिमतीला होती: बोका आणि त्याची ताई. ताईला घरात सगळे शंकासुर म्हणत, कारण तिला दुधावरच्या सायीचाही संशय यायचा.

"तिसऱ्यांदा!" मागून सूचनाकाका कडाडले. दालनाचे हे व्यवस्थापक जिथे तिथे सूचना लावत, म्हणून मुलांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. "बाई, रंग हलक्या दर्जाचा आहे तुमचा! उद्याही असंच दिसलं, तर अख्खी भिंत पांढरी करून काम दुसऱ्याला देईन!"

मावशीची ही पहिलीच मोठी भिंत होती. खाली मान घालून ती फोड खरवडू लागली, पण तिचे भरून आलेले डोळे शंकासुराला दिसले. ताईला भयंकर राग आला.

"रंग वाईट असता तर सगळीकडे फोड आले असते. गुडघ्यालाच का?" ती कुजबुजली. "मला त्या एसीवाल्याचा संशय आहे. रोज संध्याकाळी येतो, एसी चालवून बघतो आणि गुपचूप सटकतो."

"पण परवा तो आलाच नव्हता," बोका म्हणाला.

"आणि काल सकाळी गुडघा?"

"ठणठणीत होता!" बोका उडालाच.

संध्याकाळी दोघांनी एसीवाल्याला गाठलं.

"अगं पोरी, मी कशाला भिंतीला हात लावू?" तो हसला. "हां, एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी मात्र याच भिंतीच्या पोटातून जाते."

शंकासुराने झटकन निळ्या रंगाची बाटली पुढे केली. "काका, हे त्या पाण्यात ओतता?"

सकाळी रोबोटचा गुडघा निळाशार झाला होता!

"नळी गळतेय! रंगाचा दोष नाही!" बोका नाचू लागला.

"नवी कोरी नळी गळेल कशी?" सूचनाकाका गुरकावले.

"भिंतीच्या पलीकडे काय आहे?" शंकासुराने डोळे बारीक केले.

पलीकडे सूचनाकाकांचीच खोली होती. गुडघ्याच्या बरोबर मागे एक पाटी लटकत होती आणि तिच्याखालून निळा ओघळ आला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'भिंतीत खिळे ठोकू नयेत. हुकमावरून.'

बोलावून आणलेल्या एसीवाल्याने पाटी काढली. मागे बोटभर लांब खिळा! त्याने तो उपटताच नळीत तुंबलेल्या पाण्याची निळी चिळकांडी थेट सूचनाकाकांच्या पांढऱ्या शर्टावर!

"हा... हा मीच ठोकला होता," सूचनाकाका पुटपुटले. मग ते मावशीसमोर जाऊन उभे राहिले. "चुकलो. तुमचा रंग अस्सल आहे, आणि ही पोरं तर त्याहून!"

नळी बदलली, गुडघा बरा झाला. उद्घाटनाच्या दिवशी मावशी भिंतीच्या कोपऱ्यात सही करायला शिडीवर चढली. शिडी सूचनाकाकांनी स्वतः धरली होती.

"नीट धरलीय ना?" शंकासुराने वाकून पाहिलं.

"बघ की, दोन्ही हातांनी!"

मग मावशीने आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि त्याखाली दोन छोटे निळे पंजे उमटवायला भाचरांना वर बोलावलं.