चांगुणाच्या हातचं पाणी

"ताई, माह्या हातचं पाणी घरात कोणी पेत न्हाई."

हिंगोलीच्या बाजारपेठेतल्या राजनंदिनीच्या खासगी तपासाच्या एका खोलीच्या कचेरीत लोक बहुधा सोयरिकीची चौकशी करायला येत. कुरुंद्याहून एकटीच आलेली चांगुणा मात्र खुर्चीवर बसली आणि एवढंच बोलली.

"काहून?" राजनंदिनीने विचारलं.

"घरचे म्हणून राहिले, मी जेवणात विष घातलं. उद्या मला माहेरी धाडणार हायेत. कायमचं."

हळद शिजवण्याचं काम संपलं म्हणून शेतावर जेवण झालं होतं. दुसऱ्या दिवशी घरचे आणि मजूर उलट्या-जुलाबांनी आडवे. सगळ्यांची उस्तवार करायला उभी राहिली ती एकटी चांगुणा, आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

राजनंदिनीचा शाळासोबती डॉ. धम्मानंद तिथेच चहा पीत होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तो नवी औषधं घडवायचा, सध्या सुट्टीवर. राजनंदिनी चांगुणाला घेऊन कुरुंद्याला निघाली, तेव्हा तपास कसा करतात ते बघायला म्हणून तोही गाडीत चढला आणि वाटभर स्वतःच्याच संशोधनातल्या विषाणूचं पुराण लावून बसला.

"पोटाचा साधा विषाणू, पण मोठा चिवट. आपल्या आतड्याच्या पेशीवर एक साखर असते, लाळेतही असते. ती पकडूनच हा आत शिरतो. आम्ही त्याला नकली साखर देणार. ती धरून बसला की गेला बिचारा बाहेर! हात साबणाने खसखसून धुतले तर जातो. सॅनिटायझरला मात्र भीक घालत नाही."

"बरं," राजनंदिनी म्हणाली. एवढ्या मोठ्या संशोधनाला एवढंसं 'बरं' मिळाल्याने धम्मानंद दुखावला. मागच्या सीटवर चांगुणा खिडकीबाहेर बघत होती.

ओसरीवर सासू नर्मदाबाई बसल्या होत्या. चांगुणाचा नवरा रामकिशन उंबऱ्यात मान खाली घालून उभा होता; त्याचा कुणालाच काही उपयोग दिसत नव्हता.

"ही वसतिगृहात शिकत व्हती तवाबी असंच," नर्मदाबाई कडाडल्या. "साऱ्या पोरींना उलट्या-जुलाब, ही एकटी ठणठणीत! तवाच वळखायला पायजे व्हतं. माहा धाकला पुण्याहून आला तवाच तोंड उतरलेलं. रातभर गाडी थांबवत आलतं लेकरू. जरा बरा झाला, तर हिनं हे केलं."

धाकल्या विजयकुमारने खिशातून बाटली काढली आणि हातांवर चोळली. "मॅडम, मी स्वच्छतेत पक्का आहे. कोशिंबीर मी कालवली, पण आधी हात असे करून घेतले. सगळ्यांना वसमतच्या दवाखान्यात मीच गाडी चालवत नेलं. विचारा कुणालाही."

मजूर शालूबाई परसात भेटली, अजून भिंतीला टेकूनच. "आमी दोघी शेवटी एकाच ताटात जेवलो, ताई. मला लई तकलीफ झाली, तिला काईच न्हाई. आन् माहा नवरा ग्यानोबा जेवणाला नव्हताच. माही घाण समदी त्योच काढत व्हता, तर दोन दिसांनी त्योबी पडला."

धम्मानंद चक्रावला. "म्हणजे ग्यानोबाला वेगळं विष दिलं?"

"हैदराबादला काय शिकलास रे?" राजनंदिनी हसली आणि तिने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"ताटात विष असतं, तर त्याच ताटात जेवलेली चांगुणा आडवी झाली असती. न जेवलेल्या ग्यानोबाला काही झालं नसतं. म्हणजे हे विष नव्हे, माणसाचं माणसाला लागणारं दुखणं. मग ते आणलं कोणी? तुम्ही म्हणता, एकटी चांगुणा आजारी पडली नाही. चूक. जेवणानंतर दोघं आजारी पडली नाहीत."

"दुसरं कोन?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"ज्यांनी गाडी चालवली ते."

विजयकुमारचा हात बाटलीवरच थांबला.

"तुमचं दुखणं पुण्याहून येतानाच होऊन गेलं होतं, विजयभाऊ, म्हणून ते पुन्हा लागलं नाही. बरं वाटलं तरी ते काही दिवस पोटात राहतं, हातावर येतं. तुम्ही साबण सोडून बाटलीवर भरवसा ठेवलात आणि त्याच हातांनी कोशिंबीर कालवलीत. मुद्दाम केलं नाहीत, मान्य. पण बोट मात्र वहिनीकडे दाखवू दिलंत."

"मंग ही काहून न्हाई पडली?" नर्मदाबाईंनी विचारलं. आवाज आता उतरला होता.

राजनंदिनी धम्मानंदाकडे वळली. "डॉक्टर, ती साखर एखादीकडे जन्मापासूनच नसली तर?"

धम्मानंदाने कपाळावर हात मारला. अशी माणसं असतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत तो जे संरक्षण घडवू पाहत होता, ते मागच्या सीटवर बसून कुरुंद्याला आलं होतं, आणि त्याने वळूनही पाहिलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला.

"तर विषाणूला धरायला जागाच नाही! वसतिगृहातही म्हणूनच! ताई, तुमची थोडी लाळ द्याल? तपासली की पक्कं कळेल. आमच्या औषधालाही तुमची मदत होईल."

"देते की," चांगुणा म्हणाली. ती उठली, साबणाने हात धुतले, माठातून तांब्या भरला आणि सासूपुढे धरला. "पण आदी हे."

रामकिशनने पहिल्यांदाच मान वर केली. नर्मदाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, तांब्या घेतला आणि घटाघटा संपवला.

"आनिक भर," रिकामा तांब्या पुढे करत त्या म्हणाल्या. "विजूलाबी दे."