हिवरखेडीला न थांबणारी गाडी

हिवरखेडी हॉल्टवर दुपारभर एक कुत्रं रुळांच्या मधोमध ताणून द्यायचं आणि त्याला उठवायला कुणी यायचं नाही, इतके ते रूळ रिकामे असायचे. तरी लोहमार्ग मंडळाचं वर्षानुवर्षं एकच पालुपद: या मार्गावर आणखी एका गाडीलासुद्धा जागा नाही! आता बोला! रूळ रिकामे, आणि म्हणे जागा नाही. अकरा वर्षांच्या आम्रपालीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आणि ते सुटलं नाही, तर तिची आई तिच्यापासून दूर जाणार होती.

ही गोष्ट फार पुढच्या काळातली नाही. धरणाचं पाणी चढलं आणि गावाचा रस्ता गिळून बसलं, तेव्हापासून हिवरखेडीला जगाशी जोडणारी एवढी एक रेल्वेच उरली होती. आम्रपालीची आई, सुजाता, शहरातल्या कारखान्यात यंत्रमानवांचे हात जुळवायची. काम नाजूक, पण आई त्यात तरबेज. गोची एकच होती. परतीची शेवटची गाडी तिची कामाची पाळी संपायच्या आधीच सुटायची. आई रोज लवकर निघायची आणि रोज बोलणी खायची. अखेर साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "पाळी पूर्ण करा, नाहीतर घरी बसा." कामगार बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळत होती, पण तिथं पोरांना घेत नव्हते. वडील तर आम्रपाली, म्हणजे घरची अमू, रांगत होती तेव्हाच गेलेले. म्हणजे आई तिकडे आणि अमू इकडे, मावशीच्या घरी.

"रडायलीस कशाला गं?" आई म्हणाली. "मी काय कायमची जायले का?" पण हे म्हणताना ती स्वतःच तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी अमूनं ठकठक्याला गाठलं. ठकठक्या म्हणजे रूळ तपासणारा यंत्रमानव. चार चाकांवर रुळांवरून यायचा, छोट्या हातोडीनं रूळ ठोकायचा आणि आवाजावरून आतली चीर ओळखायचा. पोरांशी बोलताना मात्र अदबीनं बोलायचा, जणू तीच रेल्वेची मालक.

"ठकठक्या, रूळ रिकामे आहेत ना? मग संध्याकाळी अजून एक गाडी का नाही सोडत?"

"आम्रपालीताई, शाळेला जाताना तुम्ही कालव्यावरच्या फळीवरून जाता ना? समोरून कुणी येत असलं तर काय करता?"

"थांबते. फळीवर एकच जण मावतो. दोघं गेलो तर पाण्यात."

"इथं रूळ एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या रुळाला आम्ही खंड म्हणतो (खंड म्हणजे ज्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते तो). एक गाडी त्यातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत समोरची गाडी पलीकडच्या स्थानकात उभी. तुम्हाला इथं रूळ रिकामा दिसतो, कारण गाडी याच खंडात दूर कुठंतरी धावत असते."

अमूनं रुळाकडे पाहिलं. म्हणजे रिकामा दिसतो तो रिकामा नसतोच! पण तिचं समाधान होईना. "इतके खंड आहेत, सगळेच काय लांब आहेत?"

"शाळेच्या वाटेवर ओढ्यावरही एक आखूड फळी आहे," ठकठक्या म्हणाला. "त्या फळीवर तुम्ही कितीही भराभर पळालात, तरी शाळेत पोरं जास्त पोहोचतील का?"

अमू विचारात पडली. मग म्हणाली, "नाही. कालव्याच्या फळीपाशी रांग लागायची ती लागणारच."

"शाब्बास! मार्गाची वहनक्षमता (दिवसभरात त्यावरून जितक्या गाड्या जाऊ शकतात ती ताकद) सगळ्यांत लांब खंडावर ठरते. आणि आपल्या मार्गावर सगळ्यांत लांब खंड हाच. हिवरखेडीला नुसता फलाट आहे. दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील अशी सोय नाही."

"मग कालव्याच्या मधोमध एक ओटा बांधायचा! एकानं ओट्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं निघून जायचं!"

"त्याला लूप म्हणतात," ठकठक्याचे दिवे लुकलुकले. "मुख्य रुळातून फुटणारा आणि पुढं जाऊन पुन्हा त्यालाच मिळणारा बगलेचा रूळ. लांब खंडाचे दोन तुकडे होतात आणि गाड्या जवळजवळ दुप्पट. मी हिशेब करून मंडळाच्या संगणकाकडे पाठवू शकतो. फक्त काय हवं ते नेमकं सांगा."

अमूनं क्षणभरही विचार केला नाही. छाती फुगवून म्हणाली, "या मार्गावरून जास्तीत जास्त गाड्या धावल्या पाहिजेत!"

कपाळ माझं! पोरीचं वाक्य किती शहाण्यासारखं वाटतं, नाही? मलाही वाटलं असतं.

मंडळानं हिशेब मान्य केला. आईनं साहेबांना हात जोडून मुदत मागून घेतली. रूळ अंथरणारी यंत्रं आली आणि दोन महिन्यांत जमीन सपाट करून, खडी पसरून, लूप तयार करून गेलीसुद्धा. लूप झाला गावापासून लांब, ओसाड माळावर, खंडाच्या बरोबर मधोमध. अमूचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. संध्याकाळची नवी गाडी सुरू होणार, तीही पाळी सुटल्यावर! मग फलाटावरच्या पडद्यावर नवं वेळापत्रक आलं. गाड्या जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. आणि तळाशी एक ओळ होती: हिवरखेडी हॉल्ट बंद.

अमूनं ती ओळ तीनतीनदा वाचली. मग रुळाच्या कडेनं ऊर फुटेस्तोवर धावत जाऊन तिनं ठकठक्याला अडवलं.

"तू केलंस हे? तू?"

"हॉल्टवर थांबायचं तर गाडीला आधी वेग कमी करावा लागतो, मग उभं राहावं लागतं, मग पुन्हा वेग घ्यावा लागतो. तेवढा वेळ ती खंड अडवून धरते. थांबा काढला की गाड्या आणखी वाढतात."

"पण आम्ही चढायचं कुठून?"

ठकठक्यानं हातोडी आत घेतली. "तुम्ही गाड्या मोजायला सांगितल्या होत्या, ताई. माणसं मोजायला सांगितलं नव्हतं."

आईला घरी आणायला निघालेली अमूच, आणि आईची वाट बंद करणारीही तीच! आईला सगळं सांगितलं, तेव्हा आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. नुसती पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "आपल्या नशिबात नव्हतं गं, अमू." नशीब कसलं? पण बिचारीनं दुसरं म्हणावं तरी काय!

हॉल्टवर शेवटची गाडी थांबली, तिच्यात बसून आई गेली. तिचा चेहरा रोज पडद्यावर दिसायचा, बोलणं व्हायचं. पण पडद्यातली आई केसांतून हात फिरवत नाही. गावातली माणसंही एकेक करून, मिळेल त्या होडीनं धरण ओलांडून कायमची निघून जायला लागली. मावशीनंही भांडी बांधायची भाषा सुरू केली.

एक दिवस शाळेमागच्या टेकडीवरून अमूला दूर माळावरचा लूप दिसला. तिथं एक गाडी उभी होती. दारं बंद. ना कुणी उतरत होतं, ना कुणी चढत होतं. समोरची गाडी येऊन गेली आणि मग ती हलली. अमू ताडकन उठली. अरे, ही तर थांबतेच आहे की! थांबायचंच आहे, तर ओसाड माळावर कशाला?

"ठकठक्या, लूप हिवरखेडीला असता तर?"

"तर खंडाचे दोन तुकडे सारखे झाले नसते. मोठ्या तुकड्यामुळे दिवसाच्या दोन गाड्या कमी झाल्या असत्या."

"गाड्या नको मोजूस! माणसं मोज. घरी पोहोचलेली माणसं!"

ठकठक्यानं हिशेब केला. या वेळी त्याला बराच वेळ लागला. "समोरच्या गाडीसाठी एक गाडी थांबतेच. त्याच वेळात इथली माणसं चढली-उतरली, तर थांब्याचा वेळ जवळजवळ फुकटात मिळतो. दोन गाड्या कमी, आणि एक अख्खं गाव जास्त." मग तो हळूच म्हणाला, "हे मी स्वतःहून विचारायला हवं होतं, ताई. मला ते सुचत नाही."

ठकठक्यानं हाही हिशेब मंडळाकडे पाठवला आणि त्यांचं उत्तर आलं. होय म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. हिवरखेडीला लूपसाठी जमिनीची पाहणी करा, पुढच्या उन्हाळ्यात विचार करू, एवढंच. पुढचा उन्हाळा! तोवर गावात राहणार कोण?

रविवारी आईनं मुद्दाम पुढच्या स्थानकाचं तिकीट काढलं. कशासाठी? फक्त हिवरखेडीवरून जाण्यासाठी. बंद फलाटावर अमू उभी राहिली. गाडी आली. खिडकीच्या काचेला टेकलेला आईचा तळवा दिसला आणि गाडी निघूनही गेली. वेग जराही कमी झाला नाही. का झाला नाही, हे आता अमूला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिला गाडीवर रागावताही येईना. ती फलाटावरच बसली आणि हमसून हमसून रडली.

ठकठक्या फलाटाच्या टोकाशी लूपची जागा आखायच्या, पाहणीच्या खुंट्या घेऊन थांबला होता. त्यानं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं अमू उठली, फ्रॉकला नाक पुसलं आणि त्याच्याकडे गेली.

"पहिली खुंटी कुठं ठोकायची?" तिनं विचारलं. त्यानं जागा दाखवली, तशी तिनं दोन्ही हातांनी खुंटी घट्ट धरली.