टाकीतला ठोका

काम तसं किरकोळ होतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या मोठ्या टाकीत उतरून आतून एक सांधा जोडायचा, की सुट्टी. पण धूर ओढणारा पंखा मुकादमाने दुसऱ्या शेडमध्ये पाठवला होता आणि ताईने, म्हणजे शेडमधल्या एकुलत्या एक बाई वेल्डरने, टाकीच्या तोंडाशीच बैठक मारली होती.

"ग्लासभर दूध पी आणि उतर," मुकादम म्हणाला. "दुधाने धूर बाधत नाही."

"बाबा जन्मभर दूधच पीत होते. शेवटी खोकला पाण्याचा घोटसुद्धा उतरू देईना."

तिचे बाबा इथलेच वेल्डर. जस्ताचा पांढरा धूर पोटभर घेऊन घरी यायचे, रात्री हुडहुडी भरायची, सकाळी उतरायची. ते त्याला सवय म्हणायचे. सवय कसली, फुफ्फुसं पार कामातून गेली होती. त्यातच ते गेले.

टाकीतल्या कामाची एक रीत होती. बाहेरच्याने पत्र्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा. आतून एक ठोका आला की सगळं ठीक. तीन आले की माणसाला ओढून बाहेर काढायचं. बाबांच्या वेळी बाहेर म्हातारे मदतनीस काका असायचे, आजही तेच होते. टाकी रिकामी असूनही त्यांनी सवयीने एक ठोका दिला.

आतून उत्तर आलं. ठक्... ठक्... ठक्...

"आत... कोण आहे?" काकांनी विचारलं.

"उन्हाने पत्रा वाजतो," मुकादम म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

मग खोकला आला. कोरडा, दमलेला, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. भिंतीपलीकडून तोच ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. उतरावं, त्यांचा हात धरावा, असं तिला फार फार वाटलं. ती हलली नाही.

"बाबा, मी आत येणार नाही," ती वाकून हळूच म्हणाली. "तुम्हीच बाहेर या."

मग ती मुकादमाकडे वळली. "पंखा आणा. नाहीतर सांधा तुम्ही जोडा."

मुकादमाने दुसऱ्या शेडकडे माणूस पिटाळला. पंखा आला. त्याच्या जाड नळाचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं शेडबाहेर.

आत कुणी ठिणगीसुद्धा पाडली नव्हती. तरी नळातून पांढरा धूर निघू लागला, निघतच राहिला. मुकादमाने बटणाकडे हात नेला, तो तिने धरला.

"राहू द्या. कितीतरी वर्षांचा साठलाय."

दिवस कलला तेव्हा धूर विरळ झाला. काकांनी भीत भीत पुन्हा ठोका दिला. टाकीतून काहीच आलं नाही.

उत्तर आलं ते शेडबाहेरून. नळाचं टोक होतं तिथे, पत्र्याच्या कुंपणावर, एकच ठोका.