शेजारपाटी

हेर्ता शिडीवरून खाली उतरली. छपराची निम्मी कौलं फुटकी होती. अक्रोडाखाली टोपलीत तिची तान्ही त्रिनी मूठ चोखत पडली होती, आणि फाटकाशी समोरच्या घरातल्या रेगिना मावशीला हसू आवरत नव्हतं.

"शहरात राहून कौलं शाकारायला शिकलीस वाटतं?"

"शिकेन. पण बापाचं घर विकू देणार नाही."

तिच्या भावाचा, ऑर्टविनचा, जर्मनीहून दम आला होता: थंडीच्या आत छप्पर झालं नाही तर घर विकायला काढतो. ट्रान्सिल्व्हेनियातल्या या गावचे सॅक्सन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले जर्मन वंशाचे लोक, कधीच तिकडे निघून गेले होते. गल्लीत निळी-हिरवी घरं ओळीनं उभी, टेकडीवर तटबंदीचं चर्च, आणि माणूस म्हणाल तर एकटी रेगिना.

त्याच दुपारी फाटकाच्या कडीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. बदामाच्या आकाराची, तळहाताएवढी. एक कोपरा जळका.

मावशीनं हातातला पाव खाली ठेवला.

"शेजारपाटी आहे ही. गल्लीचा निरोप हिच्यासंगं घरोघर फिरायचा. कुणाचं कोठार बांधायचंय, कुणाची कबर खणायचीय. पाटी हातात धरून निरोप बोलायचा नि शेजारी द्यायची. मग सगळ्यांना यावंच लागे. रोखून धरली तर दंड."

"मग आणली कुणी?"

"मला काय विचारतेस? लोक गेले त्या हिवाळ्यात मीच ती चुलीत घातली होती."

पाटी यायची ती वरच्या शेजाऱ्याकडून; पण वरच्या अंगाच्या ओस घराचं फाटक वेलीनं बांधून टाकलेलं. वेल कुठंही तुटलेली नव्हती.

हेर्ताच्या अंगावर काटा आला, आणि काट्यामागोमाग राग. ती तडक खालच्या अंगाला, रोथांच्या ओस घराशी गेली आणि पाटी उंच धरून ओरडली, "मी हेर्ता शुस्टर! लेकीला घेऊन राहायला आलेय. माझं छप्पर नीट करायचंय. यायचं त्यानं यावं. नको असेन तर तोंडावर सांगावं!"

"अगं, गप! निरोप असा चेष्टेनं बोलत नाहीत."

"चेष्टा कोण करतंय?"

तिनं पाटी रोथांच्या कडीला अडकवली आणि घरी येऊन कणीक मळायला घेतली. थोड्या वेळानं खाली एक फाटक वाजलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं, असं पार ओढ्यापर्यंत. अक्रोडाचं पानही हलत नव्हतं. त्रिनी प्रत्येक आवाजाला खुदकन हसत होती.

सकाळी छप्पर पुरं झालेलं होतं. कौलं जुनी, शेवाळलेली, पण एकीला एक नेटकी बसवलेली. आणि गल्लीतल्या प्रत्येक ओस घराच्या छपरात एक नवं भगदाड.

कामाला आलेल्यांना उपाशी धाडू नये, म्हणून हेर्तानं ओट्यावर पाव, चरबी आणि कांदा मांडला. "आलात तर जेवून जा," ती रिकाम्या गल्लीला म्हणाली.

संध्याकाळी थाळी रिकामी होती.

पुढच्या रविवारी पाटी पुन्हा कडीला. तिच्याशेजारी एक फावडं टेकवलेलं, पातं नुकतंच घासलेलं.

समोरची खिडकी उघडली. न्हालेले केस विंचरत, गाल लाल झालेली मावशी वाकून विचारत होती, "काय गं, कुणाचा निरोप?"

कबर खणायची, तर गल्लीत म्हातारं माणूस एकच होतं. हेर्तानं फावडं झग्याआड लपवलं.

"कुणाचा नाही. आणि आला तरी माझ्या दारातून पुढं जायचा नाही."

"दंड पडेल हो!"

"पडू दे. तुम्ही जेवायला इकडेच या."

तिनं पाटी आत नेऊन भिंतीला खिळ्यांनी ठोकली. त्रिनीला मांडीवर घेऊन बसली.

खाली ओढ्याशी एक फाटक वाजलं.

मग त्याच्या वरचं.

या वेळी आवाज चढण चढत होते.

हेर्ता उठली नाही. रोथांचं फाटक वाजलं, आणि सगळं शांत झालं.

त्रिनी वर पाहून खुदकन हसली. छपरातलं एक कौल गेलं होतं, आणि तिच्या कपाळावर तेवढाच उन्हाचा चौकोन पडला होता.