पिवळ्या घराशी डावीकडे

"हे घर कधी पिवळं होतं का हो?"

नीवेसने ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला गवतात सायकल आडवी टाकून एक उंच माणूस उभा होता. एका हातात कागद, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं पीच. समोरच्या घराने आपल्याला दगा दिलाय अशा नजरेने तो त्याच्याकडे बघत होता. घर गुलाबी होतं. रंग इतका ताजा, की खिडक्यांच्या चौकटींवर अजून शिंतोडे होते.

"असेल... कधीतरी," ती म्हणाली.

"असेल नाही, असणारच. इथं लिहिलंय ना – 'पिवळ्या घराशी डावीकडे वळा. चुकलात तर डुकरांच्या गोठ्यापाशी पोचाल, आणि तिथला वास संध्याकाळपर्यंत तुमची सोबत करील.'" त्याने कागद खाली केला. "मी आत्ता तिथूनच येतोय."

नीवेसने हसू दाबलं. ते वाक्य तिचंच होतं. शब्द न् शब्द.

इटलीतल्या मांतोवा शहराच्या जुन्या बाजारपेठेत एलिदेबाईंचं सायकली भाड्याने देण्याचं दुकान आहे. वाटाड्याशिवाय, आपलं आपण फिरू म्हणणाऱ्या लोकांना तिथं सायकल मिळते, हेल्मेट मिळतं आणि साब्बियोनेता गावापर्यंतच्या वाटेचा एक कागद मिळतो. संध्याकाळी एलिदे स्वतः गाडी घेऊन तिकडे जातात आणि सायकली गोळा करून आणतात. तो कागद नीवेसच्या हातचा असे. छापील नाही, हाताने लिहून त्याच्या प्रती काढलेला. लोक तो घरी नेऊन जपून ठेवत.

लोकांना एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. कागद लिहिणारी गेली तीन वर्षं सायकलवर बसलेली नव्हती.

त्याआधी ती शर्यतींत उतरायची. एका उन्हाळ्यात डोंगरातल्या उतारावर, वळणावर चाक सरकलं. हासळीचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या. हाडं जुळली. पण पुढे उतार दिसला की तिची बोटं ब्रेकवर अशी गच्च आवळायची, की सोडवता सोडवत नसत. एक दिवस तिने सायकल भिंतीला टांगली आणि आठवणीतल्या रस्त्यांवर कागद लिहू लागली. आठवणीतली घरं कोणी रंगवत नाही, त्यामुळे सगळं ठीक चाललं होतं... निदान तिला तसं वाटत होतं. गेल्या आठवड्यात एलिदेंनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, की या महिन्यात चार जण चुकलेत, एक बाई तर थेट नदीपलीकडे निघाली होती. "पोरी, एक तर स्वतः चालवून बघून ये, नाहीतर हे काम मी दुसऱ्या कुणाला देते."

म्हणून आज नीवेसने भिंतीवरची सायकल उतरवली होती, खिशात वही-पेन्सिल टाकली होती आणि कुणाला न सांगता सकाळीच बाहेर पडली होती.

"मी तिकडेच निघालेय," ती त्या माणसाला म्हणाली. "पुढच्या वळणापर्यंत या माझ्याबरोबर."

पुढचं वळण आलं आणि गेलं. त्याने निरोप घेतला नाही, तिनेही आठवण करून दिली नाही.

त्याचं नाव दामियानो. त्रेन्तोच्या वरच्या अंगाला, डोंगरात, लोकांना शिखरावर नेणारे रोपवेचे पाळणे दुरुस्त करायचं त्याचं काम. ही सहल त्याला बरोबरच्या कामगारांनी वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. तो सांगत होता, की तिकडे तो कधी धुक्यातसुद्धा चुकला नाही. डोंगराकडे बघितलं की आपण कुठं आहोत ते कळतं. "आणि इथं बघा, जिकडं तिकडं नुसतं आभाळ. विचारायचं तरी कुणाला?"

"घरांना विचारू नका एवढं खरं," ती म्हणाली.

दोन्ही बाजूंना खरबुजांची शेतं होती आणि जुलैच्या उन्हात त्यांचा गोड, जड वास रस्त्यावर साचून राहिला होता. कालव्यात बगळे एका पायावर उभे होते. वारा आला की पॉपलरच्या झाडांची पानं चांदीसारखी उलटायची. आणि प्रत्येक थांब्यावर दामियानो कागद काढून मोठ्याने वाचायचा, मग लिहिणाऱ्याशी भांडायचा. लिहिणारा त्याच्या मते पासष्ट वर्षांचा होता. मिशा होत्या, बायको वारलेली होती आणि सकाळी दहालाच एक पेला वाइन घ्यायची सवय होती.

"पण माणूस मोठा लोभस आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"हे ऐका. 'इथं थांबा. बघण्यासारखं काही नाही, म्हणूनच थांबा.' असं लिहिणारा माणूस वाईट असूच शकत नाही. मला भेटला तर मी आधी त्याला चार शब्द सुनावीन... आणि मग जेवायला घालीन."

नीवेसचे कान तापले. ऊन होतंच म्हणा.

मग नदीचा बांध लागला. रस्ता त्याच्यावर चढायचा, थोडा वेळ वरून धावायचा आणि मग एकदम खाली घसरायचा. पहिल्या उताराशी ती खाली उतरली आणि सायकल हातात धरून, एकेक पाऊल टाकत खाली आली. दामियानो तोवर तळाशी पोचला होता. त्याने मागे वळून पाहिलं. दुसऱ्या उताराशी मात्र तो तिच्याआधीच उतरला.

"माझा ब्रेक जरा सैल वाटतोय," तो म्हणाला आणि तिच्या शेजारून चालू लागला.

तिसऱ्या उतारालाही त्याचा ब्रेक सैल होता. चौथ्यालाही. माणसांनी भरलेले पाळणे आभाळात थांबवणाऱ्या माणसाला एका सायकलचा ब्रेक आवळता येऊ नये, हे नवल नीवेसच्या ध्यानात यायला एक किलोमीटर जावा लागला. तिने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तो बगळे मोजत होता, किंवा तसं दाखवत होता.

दुपारी एका खेड्यातल्या खानावळीत, तुतीच्या झाडाखाली ते जेवायला बसले. भोपळ्याचं सारण भरलेले पास्त्याचे तोर्तेल्ली आले, वर लोणी आणि सेजची कुरकुरीत पानं. पदार्थ यायच्या आधी नीवेसने खिशातली वही काढून सवयीने लिहिलं, 'पिवळं नाही, गुलाबी', आणि वही टेबलावरच राहिली. दामियानोचा काटा तोंडाशी जाता जाता थांबला. त्याने तो खाली ठेवला. आपला कागद उलगडून वहीशेजारी ठेवला. तीच लांब शेपटांची अक्षरं, तेच लवंडलेले ठिपके.

त्याने कागदावरून वहीकडे, वहीवरून कागदाकडे पाहिलं. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"मिशा कुठं गेल्या?"

नीवेस हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग थांबवता येईना. तिने सगळं सांगून टाकलं. वळण, बरगड्या, भिंतीवरची सायकल, एलिदेंचं बोलणं. त्या दिवसानंतर हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. दामियानोने 'घाबरू नकोस' असं एकदाही म्हटलं नाही. तिचं झाल्यावर त्याने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी वादळात तो चार तास नुसत्या सुरक्षापट्ट्यांवर लटकला होता आणि त्यानंतर अकरा दिवस त्याला रोपवेच्या खांबाच्या पहिल्या पायरीवर पाय टाकता आला नव्हता.

"मग बाराव्या दिवशी?"

"बाराव्या दिवशी मला स्वतःचाच कंटाळा आला." त्याने तिच्या ताटलीतला शेवटचा तोर्तेल्लो उचलला. "तू खाणार नव्हतीस ना?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं.

चारच्या सुमाराला ते ओल्यो नदीशी आले. तिथं खांबांचा पूल नाही. होड्या एकीला एक जोडून त्यांच्यावर लोखंडी पत्रे टाकलेले आहेत. नदी भरली की पूल वर येतो, आटली की खाली जातो. जुलैत नदी पार खोल गेली होती आणि काठावरून पुलावर जाणारा उतार दिवसभरातल्या सगळ्या उतारांहून उभा होता.

दामियानो सायकलवरून उतरू लागला.

"थांब," नीवेस म्हणाली. "तू पुढं जा. बसून. पलीकडे उभा राहा... आणि माझ्याकडे बघू नकोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेला. पत्रे खडखडले, मग शांत झाले. पलीकडच्या काठावर तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

ती वर एकटी राहिली. बोटं ब्रेकवर आवळलेली. खाली नदी चकाकत होती. तिला तो डोंगरातला रस्ता आठवला, सरकलेलं चाक, गालाला लागलेली खडी. परत फिरावं, एलिदेंना सांगावं, की द्या दुसऱ्या कुणाला. कुणी काही म्हणणार नव्हतं. समोरची ती पाठ तर नक्कीच नाही. ती पाठ तिथं तासभर उभी राहिली असती, आणि मग चालत परत आली असती ब्रेक सैल झालाय म्हणून सांगायला.

तिला हसू आलं. हसण्याने बोटं सैल झाली.

चाक सुटलं. वारा कानात शिरला, काठ झपकन मागे गेला, आणि धाडकन पहिला पत्रा वाजला. मग दुसरा, तिसरा... पूल तिच्याखाली हलत होता, होड्या एकमेकींना धक्के देत होत्या, आणि नीवेस पायडल मारत होती. जोरात, आणखी जोरात. चालत आलेल्या माणसाच्या पायांनी असा आवाज होत नाही. पाठमोऱ्या दामियानोने दोन्ही हात हळूहळू वर उचलले. शर्यत संपवणाऱ्या माणसासारखे, डोक्याच्याही वर. बघितलं मात्र नाही.

ती त्याच्याजवळ थांबलीच नाही. पलीकडचा चढ एका दमात चढून गेली आणि वरून ओरडली, "येतोस की राहतोस तिथंच?"

पुढचे वीसेक किलोमीटर तो तिला गाठण्यातच दमला. मध्ये दोन उतार आले. तिचा हात ब्रेककडे गेला, हे खरं. पण खाली ती सायकलवरूनच आली.

पाचला साब्बियोनेताची तटबंदी दिसली. चौकात एलिदे गाडीला टेकून उभ्या होत्या. घामाने भिजलेली, धुळीने माखलेली नीवेस कमानीतून सायकलवर आत येताना दिसली आणि त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. त्यांनी ती उचलली, गॉगल डोळ्यांवर चढवला आणि खाकरल्या.

"किती चुका सापडल्या?"

"नऊ," नीवेस म्हणाली.

"दहा," मागून धापा टाकत दामियानो म्हणाला. "पुलानंतरची वाट इतकी छोटी असेल असं कुठंच लिहिलेलं नाही."

एलिदेंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याची मांतोवाहून साडेआठची रेल्वेगाडी होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि सायकली चढवा म्हणाल्या. दामियानोने सायकल उचलली. मग परत खाली ठेवली. तो नीवेसकडे वळला.

"गाडी उद्याही असते," तो म्हणाला.

"असते."

"परवाही."

"दामियानो," ती म्हणाली, "तू मला आवडतोस. सकाळपासूनच, डुकरांच्या वासासकट. आज चुकवायची असली तर गाडी चुकव, पण रविवारी मी तिकडे वर येणार आहे. तुझ्या डोंगरात."

"तिथं नुसते उतार आहेत, नीवेस."

"म्हणून तर."

त्यानंतर त्याने काय केलं ते चौकातल्या टेबलाशी पत्ते खेळणाऱ्या तीन म्हाताऱ्यांनी पाहिलं. त्यांचा डाव तिथंच थांबला. दोन सायकली एकमेकींवर कलंडल्या, त्या उचलायला कुणी गेलं नाही. एलिदेंनी गाडीचं दार लावलं, घसा साफ केला, पुन्हा एकदा केला आणि कुणी ऐकत नाही असं पाहून एकट्याच आत बसल्या. रिकामी गाडी हॉर्न वाजवत चौकातून निघाली. कमानीपाशी त्यांनी काच खाली करून मागे ओरडून सांगितलं, की उद्या सकाळी आठला दुकान उघडतं, आणि दुपारी बाराच्या आत नीवेस दिसली तर कामावरून काढीन.

सूर्य अजून बराच वर होता. दोघांनी चौकातल्या नळावर बाटल्या भरून घेतल्या, हेल्मेटं डोक्यावर चढवली आणि ती दोघं पंचेचाळीस किलोमीटर परत जायला निघाली. पुढे नीवेस होती.